चरकात घातलेलं बीट

आमच्या गावची अख्खी शाळा मी एकदा दवाखान्यात पाठवली, आन ती बी पौष्टिक खाऊ घालून.

मी पोपट. भवानीनगरपासनं थोडं आत, कालव्याच्या कडंला आमची वस्ती. ऊस करतो. माझ्या शिक्षणाचं इचारू नका. एकाच वर्गात इतक्यांदा बसलो की शेवटी मास्तरांनीच हात जोडलं आन म्हणलं, "बाबा, आता तुझ्या बरूबरची पोरं लग्नाला आल्यात." (खोटं हाय, पन लई खोटं न्हाय.)

मला एकच पोरगी. शाळंत तिचं नाव आराध्या, घरात आरू. वय सहा. आरूचा नेम असा, की जे मातीत येतं, वेलीला येतं, झाडाला येतं, ते खायाचं न्हाय. जे पुड्यात येतं तेवढंच खायाचं. पुडा फोडायचा, बोटं केशरी करायची आन ती माझ्या पांढऱ्या सदऱ्याला पुसायची. भाजी-चपातीचा डबा मातुर रोज शाळंतनं रिकामा यायचा. सुनीता, म्हंजी आमची मंडळी, खुशीत असायची. "बघा, पोरगी कशी चाटूनपुसून खाती."

पुढं कळलं, चाटूनपुसून खात व्हती ती आमची शेळी. आरू शाळंला जाताना गोठ्यामागनं जायाची, डबा शेळीम्होरं उघडायची, आन दप्तर हालवत फुडं. शेळीच्या अंगावर असलं तेज चढलं व्हतं की येणारा-जाणारा इचारायचा, "पोपट, हिला खुराक काय चालू हाय?"

मी म्हणायचो, "काय न्हाय, देवाची कृपा."

देवाची कसली? सुनीताची मेथी व्हती ती.

मग एक दिवस शाळंत पोरांची तपासणी झाली आन मॅडमनी मला बोलावलं. "आराध्याच्या अंगात रक्त कमी आहे. वजनही कमी आहे. वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते. पुढच्या तपासणीपर्यंत फरक पडला नाही, तर तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल."

मी एरवी मॅडमपुढं बी एखादा इनोद टाकतो. त्या दिवशी सुचला न्हाय. घरी येताना आरूचं मनगट धरलं व्हतं, ते पयल्यांदा नीट बघितलं. माझ्या दोन बोटांत बसून वर जागा उरत व्हती.

"मॅडम काय म्हणल्या?" सुनीतानं इचारलं.

"बीट द्या म्हणल्या, पालक द्या म्हणल्या. पन जबरदस्ती करायची न्हाय. तिला आवडंल असं कायतरी करा, सोपं असतंय म्हणल्या."

"सोपं असतंय म्हणल्या?"

"व्हय."

"मग मॅडमलाच घरी घेऊन यायचं न्हवतं का."

आता बीट म्हणाल, तर आमच्याकडं बिटाला तोटा नव्हता. त्या साली मी उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून बीट लावलं व्हतं. ऊस कमरंएवढा आन बीट डोक्यावरनं, अशी गत. पाव्हण्यांना दिलं, शेजाऱ्यांना दिलं, शेवटी लोक मला लांबनं बघून वाट बदलायला लागलं.

पयल्या दिवशी कोशिंबीर केली. आरूनं वास घेतला. "ह्याला मातीचा वास येतोय."

"आगं, मातीतच येतं ते."

"मग मातीतच ठेवायचं की." आन तोंड असं मिटलं, की उघडायला पाना आणावा का काय, असं मला वाटलं.

तवा मला आयडिया सुचली. (मला आयडिया सुचली की सुनीता गॅस बंद करून बाजूला उभी राहती. अनुभव हाय तिला.) बीट किसलं, फडक्यात पिळलं, त्या रसात गूळ विरघळवला, आन त्यातच कणीक मळून दशम्या लाटल्या. वाटीनं गोल गोल कापल्या, वर तिळाचं डोळं लावलं, तव्यावर तुपाचं बोट फिरवलं. गूळ असल्यानं मातीचा वास गेला, आन रंग असला गुलाबी, की नवरीच्या शालूला लाज यावी.

आरू इचारती, "ह्या गुलाबी कशापायी?"

"गुलाबी उसाच्या गुळाच्या हायत."

"असा ऊस असतो?"

"असतो. पन फकस्त एकाच शेतात. कुनाला सांगायचं न्हाय."

पोरीनं एक खाल्ली. मग दुसरी. मग माझ्या ताटातली उचलली. सुनीतानं तोंड फिरवलं आन रिकामाच तवा पदरानं पुसत बसली. मी बी छताकडं बघत व्हतो. छतात काय नव्हतं.

आठवडाभर रोज दशम्या. डबा रिकामा, आन शेळी उपाशी. मी हवंत. सुनीता तेवढी जमिनीवर व्हती. "ध्यानात ठिवा, त्यात बीट हाय हे तिला कळलं, तर त्या दिवसापासनं ती पानी बी पुड्यातलं मागंल."

"कळंल कसं? मी सांगणार हाय व्हय?"

मग आला आरूचा वाढदिवस. आमच्या शाळंत पद्धत हाय, ज्याच्या घरी वाढदिवस त्यानं त्या दिवशी सगळ्या पोरांना खाऊ घालायचा. आरूनं मला न इचारताच शाळाभर सांगून टाकलं, "माझे पप्पा गुलाबी दशम्या करणार हायत."

घरच्यापुरतं फडक्यात पिळणं येगळं आन शाळंपुरतं येगळं. मी मिक्सर लावला. घाईत बिटाचं तुकडं जरा मोठं टाकलं. (जरा म्हंजी अर्धं अर्धं बीट.) मिक्सरनं एकदा आवंढा गिळला, धूर सोडला आन प्राण सोडला.

"माझ्या लग्नातला व्हता," सुनीता म्हणाली. लग्नातलं आता आमच्याकडं दोघंच उरलं, ती आन मी.

मी पोतं उचललं आन फाट्यावर गेलो. फाट्यावर माझ्या मेव्हण्याची, दत्ताची, रसवंती हाय. उसाचा चरक म्हंजी काय, मी जन्मभर बघत आलोय. दांडकं घातलं की चिपाड एकीकडं, रस एकीकडं. ऊस पिळतो तर बीट पिळायला काय हरकत हाय? ऊस करणाऱ्याचं डोकं, दुसरं काय.

दत्ता पोत्यात वाकून बघतो. "दाजी, हा ऊस न्हाय."

"मला ऊस वळखू येतो."

"मग चरकात का घालताय?"

"तू चालू कर."

चालू केला. पयलं बीट गोल असल्यानं रुळावरनं उडालं आन गिऱ्हाइकाच्या मांडीत पडलं. मग फोडी करून घातल्या. आन मग जी धार लागली म्हणता! बादली भरली, कळशी भरली. तेवढ्यात एस.टी. थांबली, मानसं उतरली, दत्तानं सवयीनं गिलास भरून दिलं.

"काय हो, हे डाळिंबाचं का?"

दत्ता माझ्याकडं बघत म्हणाला, "व्हय, दाजींच्या शेतातलं."

दशम्या झाल्या, डोंगरभर. पाण्याचा थेंब घातला न्हाय, निव्वळ रसात मळल्या. तरी कळशीभर रस उरलाच. टाकायचा कसा? त्यात लिंबू पिळलं, गूळ घातला आन सरबत केलं. शाळंत पोरं तुटून पडली. एक दशमी, एक गिलास, पुन्हा रांगंत. मॅडम म्हणल्या, "पोपटराव, सगळ्या पालकांनी तुमच्याकडून शिकायला पाहिजे." मास्तरांनी हात जोडलेला मी मानूस, मला शाळंत असं कुनी म्हणलं! मी तिथंच दोन इंच वाढलो.

आमच्या शेजारचं तुका आबा नातवाला, सोहमला, न्यायला आलतं. त्यांनी बी खाल्ल्या. "दात नसलेल्याला लई सोयीच्या हायत," म्हणून आणखी खाल्ल्या. आन मोडक्या, करपक्या, तुटक्या सगळ्या मी खाल्ल्या. तळाचं सरबत बी मीच प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, मोरीत लघवीला गेलो, आन खाली बघितलं.

लालभडक.

आता तुमी म्हणाल, येड्या, आदल्या दिवशी बीट तूच पिळलं की. पन मानूस भ्याला की त्याला दशम्या आठवत न्हाईत. त्याला तंबाखू आठवती. मला वाटलं, संपलं. पोरीच्या अंगात रक्त भरता भरता माझंच चाललं वाहून. देव्हाऱ्याम्होरं वाकलो आन गाडीला किक मारली.

"कुठं?" सुनीता.

"खत बघून येतो."

"खत बघाया जाताना देवाच्या पाया पडतं व्हय कुनी?"

दवाखाना नुकता उघडला व्हता. माझा पयला नंबर. कंपाउंडरनं हातात प्लॅस्टिकची बाटली दिली, म्हणला, भरून आना. भरली. बाहेर येऊन बाकावर बसतोय तोवर रस्त्यावर कालवा झाला. बघतो तर टेंपो. टेंपोत आया, आयांच्या कडंवर पोरं, आन सगळ्या एकदमच बोलतायत.

"डॉक्टर, माझ्या सोहमला रक्ताची झाली हो!"

"आमच्या दोघींना बी!"

मागनं ट्रॅक्टरची ट्रॉली आली. ट्रॉलीत गादी, गादीवर तुका आबा आडवं, दोन्ही बाजूला दोन धाकट्या सुना पदरानं वारा घालत. आन त्या सगळ्यांत सुनीता, आरूला कडंवर घेऊन, रडकुंडीला आलेली.

मी बाटली झटकन पाठीमागं लपवली.

सुनीता म्हणाली, "तुमी हितं?"

"खत बघाया आलतो."

"दवाखान्यात?"

डॉक्टर भला मानूस. चार पोरं तपासली, आबाचं पोट दाबलं, आन कपाळाला आठी घालून इचारलं, "काल सगळ्यांनी मिळून काय खाल्लं?"

सगळा दवाखाना एका आवाजात म्हणाला, "पोपटच्या दशम्या."

सगळ्या मुंड्या माझ्याकडं वळल्या. लग्नात बी एवढी मानसं माझ्याकडं बघत नव्हती.

"काय घातलं होतं त्यात?"

तवा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आन उजेड पडला तवाच आरू दिसली. सुनीताच्या खांद्यावरनं माझ्याकडं टक लावून बघत व्हती. आता बीट म्हणलं, की दशम्या संपल्या, पोरगी परत पुड्यावर, डबा परत शेळीला. न्हाय म्हणलं, तर ह्या बाया मला हितंच सलाईन लावतील, आन ते बी बिना सुईचं.

मी म्हणलं, "कणीक."

"आणि?"

"गूळ."

"आणि?"

"तीळ."

"अहो, रंग कशाचा होता?"

"डॉक्टर, जरा आत येता का? कानात सांगतो."

सोहमची आई कडाडली, "कानात का? औषीध मारलेलं काय व्हतं का? सांगा की मोठ्यानं!"

सुनीतानं माझ्याकडं बघितलं आन डोळं मिटलं. म्हंजी सांगा आता. ती बी हरली व्हती.

"बीट," मी म्हणलं. माझ्याच पायांकडं बघून म्हणलं.

डॉक्टर खुर्चीत मागं टेकलं आन असं हसलं की गळ्यातली नळी खाली पडली. "अहो, बीट भरपूर खाल्लं की काहींना होतं असं लाल. सगळ्यांना होत नाही, पण तुम्ही किती पाजलं?"

"कळशीभर."

"मग होणारच. कुणाला काही झालेलं नाही. घरी जा, पाणी प्या."

बायांनी मला काय काय म्हणलं ते हितं सांगत न्हाय, पोरं बी वाचतील. तुका आबा मातुर उठायला तयार नव्हतं. त्यांनी मला खुणंनं जवळ बोलावलं आन हळूच म्हणलं, "पोपट, सकाळपासनं दोघी सुना पाय चेपत्यात, साजूक तुपातला शिरा दिलाय. पुन्हा कवा करणार हायस दशम्या?"

मी आरूकडं बघायचं टाळत व्हतो. पन पोरगी सुनीताच्या कडंवरनं उतरली, म्होरं आली, कमरंवर हात ठेवून उभी राहिली.

"बिटाचं व्हतं?"

"व्हय, बाळा."

"गुलाबी ऊस न्हाय?"

"न्हाय."

ती इचार करत व्हती. मला मिक्सरनं प्राण सोडला तो आवाज आठवत व्हता. तेवढ्यात मागनं सोहम म्हणाला, "आरू, माझी लई लाल झालती."

आरू गर्रकन वळली. "माझी तुझ्यापरीस लाल झालती."

"ह्या! माझी टमाट्यासारखी."

"माझी कुंकवासारखी! आईला इचार." मग ती डॉक्टरांकडं वळली. "डॉक्टरकाका, पालक खाल्ला तर हिरवी हुती?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग तोंड गंभीर करून म्हणलं, "सांगता येत नाही. भरपूर खाऊन बघावं लागेल."

देव त्या मानसाचं भलं करो. त्या दिवसापासनं आरूनं पालक खाल्ला, मेथी खाल्ली, गाजर खाल्लं, लाल भोपळा खाल्ला. रोज सकाळी मोरीतनं आवाज येतो, "पप्पा, आज बी साधीच!" आन ती रागानं दुसरी भाजी मागती. पुढच्या तपासणीला मॅडमनी वजन बघून शाबासकी दिली. बाकावर डोकं टेकणं बंद झालं. शेळी तेवढी वाळली.

पन दवाखान्यातली गोष्ट अजून संपली न्हाय. सगळी हसत हसत उठायला लागली, मी बी गर्दीत मिसळून सटकत व्हतो, तेवढ्यात आतनं कंपाउंडर वरडला, "नंबर एक! पोपटराव! सकाळी बाटली दिलती, भरली का न्हाय?"

सुनीता माझ्याकडं वळली. "म्हंजी तुमी सवता बीट पिळलं, सवता दशम्या केल्या, आन सवताच भिऊन सगळ्यांच्या आधी हितं आला?"

मी तोंड उघडायच्या आत आरू माझ्या पाठीमागं गेली, हातातनं बाटली काढून घेतली आन उजेडात धरली. पोरं गोळा झाली. सोहमनं सुदीक मान खाली घातली.

"पप्पांची सगळ्यात लाल!" आरूनं जाहीर केलं. "पप्पांचा पयला नंबर!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाच वर्गात मुक्काम ठोकून बसलेला मी मानूस. जन्मात एकदाच पयला नंबर आला, तो बी असल्या परीक्षेत.