हौसाच्या गुडघ्यातली गादी

शेवटचं आम्ही दोघांनी काय केलं, तर भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. आता महिना होऊन गेला. हौसा, माझी बायको, खुर्चीत अन् मी खाली पोत्यावर. तेवढ्यात माझे थोरले भाऊ, दादा, अंगणात आले. ती धडपडत खुर्चीतून उतरली, भुईवर बसली, अन् गुडघा कट्कन वाजला. मी म्हटलं, "अगं, बस की वर!"

"मोठे दीर दारात, अन् मी खुर्चीत? काय म्हणतील लोक!"

डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केलेली. मंचरला त्यांनी एक्सरे उजेडात धरून सांगितलं होतं, हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चा असते, गादीसारखी. तिला रक्त पोचत नाही, म्हणून झिजली की भरून येत नाही. हौसाच्या दोन हाडांमधली फट पार बुजत आली होती. मी विचारलं, "डिंकाच्या लाडवानं नाय का व्हायचं?" ते म्हणाले, "लाडू खा बाबा, पण गादी नाही यायची. मांडी बळकट करा, म्हणजे भार ती घेईल."

मग रोज सकाळी घोट्याला वाळूची पिशवी बांधून ती पाय उचलायची. मी समोर बसायचो. "बाजारात बैल बघायला आलाय का, असं टक लावून बघताय?" म्हणायची. मी हसायचो, पण तिनं ओठ दाबलेला मला दिसायचा...

सांधा बदलायचं निघालं तेव्हा तिनं एकच विचारलं, "मग खाली बसता यील ना?" डॉक्टर नाही म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाली. मला ऑपरेशन करायची भीती अन् न करायचीही. ती परसात गेली की मी दारात उभा, पडल्याचा आवाज येतोय का ऐकत...

त्या दुपारी दादा गेल्यावर ती चहा ठेवायला उठली अन् चुलीपाशीच कोसळली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मी सगळी राखण गुडघ्यावर ठेवली, अन् ती गेली छातीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडायला गेलो. राख निवली होती. दादा पायाकडची हाडं भराभरा गोळा करून मडक्यात टाकायला लागले. मी त्यांचा हात धरला. "दादा, दमानं. गुडघ्याचं हाय ते."

उभ्या जन्मात मी त्यांना कधी अडवलं नव्हतं. ते माझ्याकडं बघत राहिले, मग बाजूला सरकले. ती हाडं मी एकेक करून, दमानं ठेवली.