शैलाने मागितलेली दोन फूट माती

आमच्या कंपाउंडमधल्या जांभळाच्या झाडाची वाट मी लावली.

कॉन्ट्रॅक्टरने नाही. मी.

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, शैला गेली. पाच मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मी गेली अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. माझ्या मेसेजला उत्तर येतं, "लिफ्ट कधी चालू होणार?"

बघा. आजच्या दिवशीही माझं लक्ष तिथेच.

जळायचो मी तिच्यावर. सरळ सांगतो.

शैला आणि मी मुलुंडच्या एकाच शाळेत, एकाच वर्गात. तिथेही बाईंची लाडकी तीच. पुढे योगायोगाने एकाच बिल्डिंगमध्ये घरं घेतली. ती पोस्टातून रिटायर झाली आणि रोज सकाळी बादली घेऊन सगळे मजले फिरायला लागली.

भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा. सगळं गोळा करून जांभळाखालच्या खड्ड्यात खत करायची.

लोक तिला कचरासुद्धा हसतहसत द्यायचे. माझी बेल वाजायची ती फक्त गळतीच्या तक्रारीसाठी.

आणि माझी बायको! मला सकाळचा दुसरा चहा मागून मिळत नाही, पण शैलासाठी कांद्याची सालं वेगळ्या डब्यात तयार.

जांभळं पिकली की सगळी बिल्डिंग खाली उतरायची. लहानथोर सगळ्यांच्या जिभा जांभळ्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "शैलाताईंचं झाड".

अहो, झाड सोसायटीचं होतं! बिल्डिंग उभी राहायच्या आधीपासूनचं. पण हे कोणाला सांगणार?

मग कंपाउंडला पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. आयडिया माझी. चिखल बंद, पार्किंगची एक लाइन जास्त. मीटिंगमध्ये मी सगळा प्लॅन समजावून सांगितला. शेवटी शैला उठली.

"नंद्या, झाडाभोवती दोन फूट माती सोड रे. पाणी कुठून पिणार ते?"

बस, एवढंच बोलली. आणि सगळ्यांच्या माना हलल्या. "बरोबर आहे शैलाताईंचं."

मीटिंग माझी, प्लॅन माझा, आणि माना तिच्यासाठी. ते मला जे लागलं ना, अजून आठवतं.

काम सुरू झालं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने विचारलं, "साहेब, झाडाजवळ किती सोडू?"

म्हटलं, "काही सोडू नको. बुंध्याला चिकटवून घे."

खाली काँक्रीट, वर ब्लॉक. खताचा खड्डाही बुजवला. ग्रुपवर लिहिलं, "कॉन्ट्रॅक्टरने घोळ घातला. आता सिमेंट सुकलंय, इलाज नाही."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. शैला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यातून घेऊन यायची आणि बुंध्याजवळच्या बारीकशा फटीत थेंबथेंब ओतायची. मी गॅलरीतून बघायचो. राग यायचा मला तिचा.

त्या वर्षी जांभळं कमी आली. पुढच्या वर्षी बारीक, नुसती बी. मग आलीच नाहीत. वरच्या फांद्या वाळल्या. पोपट यायचे बंद झाले.

पावसाचं जे पाणी पूर्वी मातीत मुरायचं, ते आता थेट लिफ्टच्या खड्ड्यात. म्हणून तर लिफ्ट बंद पडते. मी पंप आणला आणि ग्रुपवर त्याचा फोटो टाकला.

एकच लाइक आलं. शैलाचं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिला भेटायला गेलो होतो. एवढीशी झाली होती. तिने डोळ्यांनीच खुर्ची दाखवली.

"कॉन्ट्रॅक्टरने मला तेव्हाच सांगितलं होतं रे," ती म्हणाली.



"मग बोलली का नाहीस?"

"लोकांसमोर बोलले असते तर तू हट्टाने ते तसंच ठेवलं असतंस. शाळेपासून ओळखते तुला. वाटलं, कधीतरी आपणहून ते सिमेंट फोडशील."

मग म्हणाली, "चुकलंच माझं. फार वाट बघितली. झाडाला तेवढा वेळ नव्हता."

चुकलं म्हणे तिचं. तिचं!

आज दुपारी स्मशानातून परत आलो. बायको दारातून ओरडली, "आधी आंघोळ!" मी छन्नी-हातोडा घेतला आणि तसाच खाली गेलो.

ब्लॉक निघाले पटापट. काँक्रीट निघेना. हाताला फोड आले. आवाजाने पहिल्या मजल्यावरच्या देसाई काकू बाहेर आल्या, त्यांच्यामागे आणखी चारपाच जण.

"अहो सेक्रेटरी, हे काय चाललंय?"

"कॉन्ट्रॅक्टरची चूक नव्हती ती," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं त्याला, बुंध्याला चिकटवून घे म्हणून."

सगळे नुसते त्या वाळलेल्या फांद्यांकडे बघत राहिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग काकूंनी हळूच विचारलं, "शैलाने सांगून ठेवलं होतं का, फोडायला?"

मी म्हटलं, "हो."

काकूंनी डोळे पुसले. "शैलाच ती. जातानाही झाडाचं बघून गेली."

म्हणजे हेही तिच्याच नावावर. आणि खोटं कशाला सांगू, तेव्हाही पोटात दुखलंच माझ्या.

माळ्याला बोलावून झाड दाखवलं. म्हणाला, एक बाजू गेलीय. दुसरीचं आता काही सांगता येत नाही.

शैले, दुपारपासून वीतभरच माती मोकळी झाली. दोन फूट व्हायला वेळ लागेल. बायकोने तांदळाचं पाणी ठेवलंय काढून, मला न विचारता.

ते घेऊन खाली चाललोय.

जा तू. आता पाणी मी घालतो.

— नंद्या