रिकाम्या बाकावर दोघं

आमच्या खडकीच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने आधी ते मिटवावं, मगच वेदीपाशी यावं, असं पाळक दर वेळी बजावतात. लोक माना डोलावतात आणि रांगेत उभे राहतात, सख्ख्या भावाला कोर्टात खेचलेलेसुद्धा. माझे पप्पा मात्र त्या रविवारी बाकावरून उठेनासे झाले होते.

कारण मी. हिंजवडीच्या कंपनीत लागले आणि तिथल्याच एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. पप्पांनी आयुष्य दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलं, पण स्फोट सगळे घरीच. त्यांनी मला दार बंद केलं. तेही मी सोसलं असतं. पण आई अचानक आजारी पडून गेली, तिला माती दिली, आणि मला साधा फोनसुद्धा केला नाही. मागाहून शेजारच्या काकूंनी कळवलं, तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट घेऊन उभी होते.

काही महिन्यांनी एका सकाळी पप्पा आमच्या फ्लॅटच्या दारात आले. बसने, एकटेच. चपला न काढताच म्हणाले, "चुकलो गं. तुला तुझी आई शेवटची बघू दिली नाही मी."

खाली कंपनीची गाडी हॉर्न देत होती. मी त्यांना पाणी दिलं आणि कामावर गेले. क्षमा करावी, हे संडे स्कूलपासून पाठ होतं. कशी करतात ते कुणी शिकवलं नव्हतं. रडून झालं, प्रार्थना करून झाली, राग काही हलेना.

पुढे पप्पांचे गुडघे गेले. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मीच त्यांना रिक्षाने चर्चला नेऊ लागले. रांग पुढे सरकायची आणि बाकावर आम्ही दोघंच उरायचो. देवाने त्यांना केव्हाच माफ केलं असेल, अडून मी बसले होते.

ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे पाळक स्वतः भाकर घेऊन येतात. जुने पाळक आमचं जाणून पुढे जायचे; नवीन आलेल्या पाळकांना मात्र काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच रविवारी ते पप्पांपुढे येऊन थांबले. पप्पांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आधी हिला विचारा," ते म्हणाले.

पाळक माझ्याकडे वळले. राग होता तिथेच होता. पण तो रिकामा हात मला बघवेना.

"द्या त्यांना," मी म्हणाले, आणि त्यांच्या हाताखाली माझा हात धरला.

पप्पांनी भाकरीचा तुकडा घेतला, मोडला, आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.