मागायचं विसरून आलेली उनाइसी

आमच्या नावुनीवी गावात माणूस किती देतो याला फारशी किंमत नाही. देतात सगळेच, न देऊन जातील कुठे? समोर कुणी येऊन बसलं, मान खाली घातली आणि 'केरेकेरे' म्हणून काही मागितलं, की ते द्यायचं. छत्री असो, बोकड असो, नाहीतर अंगातला सदरा. नाही म्हणणारा माणूस आमच्या बेटावर अजून जन्मला नाही. जन्मला असेलच, तर तो राजधानीला, सुवाला राहायला गेला असेल.

माझी मामेबहीण उनाइसी याच गावात वाढली, याच गावची नर्स झाली, मग ऑस्ट्रेलियाला जाऊन ॲडलेडमध्ये शिकून आली. येताना शिक्षण घेऊन आली आणि मागायचं तेवढं विसरून आली.

तिच्याबद्दल मी वाटेल ते बोलू शकते. आमच्यात मामे-आते भावंडांनी एकमेकांची टर उडवायची असा रिवाजच आहे आणि मी तो मनापासून पाळते. उलट सख्ख्या-चुलत भावाबहिणींनी एकमेकांचा मान ठेवायचा, म्हणजे तोंडावर बोलायचंच नाही. उनाइसीचा चुलतभाऊ सिकेली शेजारीच राहतो. दोघांना एकमेकांशी काही बोलायचं असलं की मध्ये मी. 'मके, सांग तिला' आणि 'मके, सांग त्याला' यात माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं दुकानात साबण आणि डबाबंद मासे विकण्यात गेलं.

एका गोष्टीची थट्टा मात्र मी कधी केली नाही. उनाइसीची थोरली बहीण बाळंतपणात गेली. दवाखाना पलीकडच्या मोठ्या बेटावर, आणि गावातली एकुलती होडी खोबरं घेऊन बाजाराला गेलेली. उनाइसी तेव्हा नवी नर्स होती. काय होतंय ते तिला सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. बहिणीच्या उशाशी बसून ती दिवसभर समुद्राकडे बघत राहिली. तो चेहरा मला अजून आठवतो.

त्यानंतर ती ॲडलेडला गेली ती याचसाठी, आणि परत आली तीही याचसाठी. पण परत आलेली उनाइसी वेगळीच होती. कुणी काही मागितलं तर ती देत होती. तिची तिकडची गिटार पाद्रीबाबांच्या पोरांनी नेली. तिचा ॲडलेडचा लोकरी कोट आमचे गावप्रमुख एपेलीकाका मासेमारीला घालून जातात, आणि या उकाड्यात तो घालायला छाती लागते. तिनं मात्र कुणाकडे आगकाडीसुद्धा मागितली नाही. माझ्या दुकानात रोख पैसे मोजणारी गावात ती एकटी, आणि मला त्याचाही राग यायचा.

"अगं, मीठ संपलं की शेजारी माग ना," मी म्हणायचे.

"आहे माझ्याकडे."

"असलं तरी माग. ती म्हातारी वासिती वर्षभर वाट बघतेय. तिच्याकडे कुणी काही मागत नाही म्हणून झुरतेय बिचारी."

"कशाला उगाच लोकांना त्रास, मके?"

हा त्रास नावाचा रोग ॲडलेडचा. आमच्याकडे पूर्वी नव्हता. गाव तोंडावर काही बोललं नाही, पण मागे कुजबुज व्हायचीच: बाईला आमचं काही नको, फक्त देते, म्हणजे आम्ही कोण, भिकारी?

त्यातच, तिच्या शिक्षणाला ज्यांनी पैसे दिले होते त्याच परदेशी लोकांचा एक निधी निघाला. परदेशात शिकून आलेल्यांनी मायदेशी समाजसेवेची कामं उभारावीत, म्हणून मदत. म्हणजे शिकवायलाही पैसे त्यांचे आणि शिकून काय उजेड पाडला ते दाखवायलाही पैसे त्यांचेच. जगात इतकी भली माणसं आहेत. उनाइसीनं अर्ज केला आणि तो मंजूर झाला. पण हातात काही पडण्याआधी सुवाला शिबिर होतं. शिकून आलेल्यांना आधी पुढारी करायचं, मग काम द्यायचं, असा तिथला क्रम. पंख्याखाली बसवून प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी दिली आणि विचारलं, तुमच्या कामातला सगळ्यात मोठा अडथळा लिहा. उनाइसीनं लिहिलं, 'समुद्र'. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, छान, आता समुद्राकडे संधी म्हणून बघा. येताना तिला एक टी-शर्ट मिळाला. त्याच्या पाठीवर 'बदलाचे शिलेदार' लिहिलेलं होतं. तो आता सिकेली अळूच्या वाफ्यात घालतो.

पण होडी आली, हे खरं. पांढरी, कोरी, नवं इंजिन, आडवं झोपवायला फळी, वर ऊन-पावसाला ताडपत्री. उनाइसीनं बाजूवर लाल अक्षरात लिहून घेतलं: फक्त रुग्णांसाठी. गावानं टाळ्या वाजवल्या, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, आणि त्याच आठवड्यात चर्चचे गाणारे लोक तिच्या दारात येऊन मान खाली घालून बसले. शेजारच्या बेटावर गाण्याची स्पर्धा होती.

"ती रुग्णांसाठी आहे," उनाइसी म्हणाली.

"आमच्या जाड्या आवाजवाल्याला खोकला आहे," ते म्हणाले. "केरेकेरे."

होडी गेली. मग रग्बीवाले आले, त्यांच्यात तर लंगडणारे होतेच. मग एकाला सिमेंट आणायचं होतं. मग पलीकडच्या बेटावर कुणी वारलं, तिथं मयताला जायचं होतं. तेव्हा एपेलीकाकांनी स्वतः युक्तिवाद केला, की मेलेला माणूस आधी रुग्ण होताच. सगळ्यात जास्त वेळा होडी नेली सिकेलीनं, आणि दरवेळी तो निरोप घेऊन गेले मी.

"मके, सांग तिला, होडी हवी होती."

"तो म्हणतो, होडी हवीय."

"सांग त्याला, ने." आणि मग खालच्या आवाजात माझ्याशी, "एखादी बाई अडली आणि होडी नसली, तर मी काय करू गं?"

"नाही म्हण की. ॲडलेडला शिकवलं नाही?"

"शिकवलं," ती म्हणाली. "इथं तोंडातून निघत नाही."

देता येत होतं, नाही म्हणता येत नव्हतं आणि मागायला विसरलेली. एवढं शिकून माणूस इतका अडाणी होऊ शकतो हे मी तिच्याकडे बघून शिकले.

मग रेडिओवर निरोप आला, की निधीचे साहेब प्रगती पाहायला येताहेत. गाव हलून गेलं. पाहुण्यांचा पाहुणचार म्हणजे डुक्कर हवं, अळकुड्या हव्यात, आणि करवंटीतून पाजायला चांगला यांगोना, म्हणजे मुळं कुटून केलेलं पेय, हवा. आमच्या यांगोनाची जीभ बधिर करायची ताकद अलीकडे कमी झालीय. सगळं चांगलं मिळतं शेजारच्या बेटावर. आणि आणायचं कशातून? विचारायची गरजच नव्हती.

"मके, सांग तिला, तिच्याच साहेबांसाठी आणतोय," सिकेली म्हणाला.

"सांग त्याला, अकानिसीचे दिवस भरत आलेत," उनाइसी म्हणाली. अकानिसी म्हणजे सिकेलीची बायको.

"सांग तिला, अजून दोन आठवडे आहेत. तीच म्हणाली होती ना?"

तर अशा रीतीनं रुग्णांची होडी, रुग्णांच्या होडीची प्रगती पाहायला येणाऱ्यांच्या मानासाठी, डुक्कर आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले, भाड्याच्या वेगवान बोटीतून. ब्रेंडन नाव. उंच, लाल झालेला, स्वभावानं गरीब. सभाघरात चटईवर मांडी घालताना त्याच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, पण तो हसत राहिला. त्यानं आणलेली यांगोनाची जुडी एपेलीकाकांनी स्वीकारली, म्हणजे साहेब आता गावचाच झाला. करवंटी फिरली. त्यानं एक टाळी वाजवली, डोळे मिटून एका दमात पिऊन टाकलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याचं कौतुक केलं.

"होडी कुठे आहे?" ओठ बधिर झाले तरी त्याला आठवण होती.

"कामावर," एपेलीकाका म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

"उत्तम," साहेब म्हणाला. "शाश्वत वापर." बरोबरच्या पोरीनं आमचे फोटो काढले.

तेवढ्यात वासिती म्हातारी दाराशी आली आणि तिनं उनाइसीला खुणेनं बोलावलं. उनाइसी उठून गेली. मीही मागे गेले. अकानिसी घरात चटईवर गुडघ्यावर वाकलेली होती, आणि अंगावरून जाणारं पाणी लाल होतं. उनाइसीनं हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा तसाच झाला. तोच चेहरा, जो मी बहिणीच्या उशाशी पाहिला होता. तिनं दारातून समुद्राकडे पाहिलं. किनाऱ्याला तिची होडी नव्हती. साहेबाची बोट होती.

मला वाटलं, आता ही इथंच बसणार. बसली नाही. सरळ सभाघरात गेली, साहेबासमोर चटईवर बसली, हात ओंजळीसारखे करून एकदा वाजवले आणि मान खाली घातली. वर्षानुवर्षं कुणी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"केरेकेरे," ती म्हणाली. "तुमची बोट द्या. माझी भावजय हातची जातेय."

साहेब गडबडला. "उनाइसी, अर्थातच... पण ही भाड्याची आहे. विम्यात रुग्ण नेण्याची तरतूद नाही. मी सुवाला विचारून..."

ती हलली नाही. मान खालीच.

एपेलीकाका लोकरी कोटातून सावकाश म्हणाले, "साहेब, तुम्ही आमची करवंटी प्यायलात. आता याला एकच उत्तर असतं."

साहेबानं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, मग तिच्या वाकलेल्या मानेकडे. मग म्हणाला, "ने. ने लवकर." मी त्या माणसाला पुष्कळ हसले आहे आणि पुढेही हसणार आहे, पण त्या क्षणासाठी त्याला माझ्या दुकानात जन्मभर उधारी.

बोट गेली. मागोमाग ओहोटी लागली आणि आमच्या किनाऱ्यावर साहेब, त्याची फोटोवाली पोरगी आणि त्याचे चकचकीत बूट अडकून पडले. संध्याकाळी सिकेली आला, होडीत डुक्कर, चेहऱ्यावर आनंद. किनाऱ्यावरच त्याला सांगितलं. तो डुक्कर सोडून वाळूत बसला आणि उठेचना. डुक्कर सुटून पळालं, तेही कुणी पकडायला गेलं नाही.

सकाळी बोट परतली. उनाइसी उतरली, कपडे रक्तानं डागलेले, डोळे सुजलेले. अकानिसी वाचली होती. मुलगा झाला होता. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघंही गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. सिकेली रडला. मग तोंडावर बोलायचं नसतं म्हणून माझ्याकडे तोंड करून रडला, आणि माझा खांदा ओला केला.

उनाइसी घरी गेली नाही. तशीच सभाघरात आली. सगळे होते, साहेबही होता, भाताच्या पेजेचा वाडगा धरून. ती पुन्हा चटईवर बसली, ओंजळ वाजवली.

"केरेकेरे," ती म्हणाली. "मला गावाकडून काहीतरी हवंय."

एपेलीकाकांचे डोळे चमकले. "माग ना, पोरी. डुक्कर सापडलंय."

"डुक्कर नको. तुम्हा प्रत्येकाकडे होडीचं एक मागणं आहे, कधीही येऊन मागायचा हक्क. ते मागणं मला द्या. एकदा मला दिलंत, की ते तुमच्याकडे राहणार नाही."

कुणालाच आधी कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलं, एकेका चेहऱ्यावर. अडकली होती सगळी मंडळी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या आपल्याच रिवाजात. नाही म्हणणारा माणूस अजून जन्मलाच नव्हता ना.

"दिलं," आधी वासिती म्हणाली. म्हातारीनं होडी कधी मागितली नव्हती, पण तिच्याकडे कुणी काहीतरी मागितलं याचंच तिला अप्रूप. मग गाणाऱ्यांनी दिलं, रग्बीवाल्यांनी दिलं. एपेलीकाकांनी अंगातला कोट सारखा केला आणि मयताच्या मागण्यासकट दिलं. साहेबानं हळूच विचारलं, हे आराखड्यात होतं का. मी म्हटलं, हो, 'समुद्र' लिहिलेल्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला.

सिकेली शेवटी बोलला, माझ्याकडे बघून. "मके, सांग तिला, दिलं. आणि सांग, तिनं माझ्याकडे काही मागितलं, हे पहिल्यांदाच."

मी सांगितलं नाही. तिनं ऐकलंच होतं.

मुलाचं नाव ब्रेंडन ठेवलं. होडी किनाऱ्याला बांधलेली असते आणि पोरं तिच्यावर बसून गळ टाकतात, तेवढं चालतं. निधीच्या लोकांनी या कामाला आदर्श म्हटल्याचं कळलं. त्यांनी कशाला आदर्श म्हटलं ते मी विचारायला गेले नाही. आणि परवा उनाइसी दुकानात आली. पैसे बाहेर काढलेच नाहीत. फळीशी खाली बसली, ओंजळ वाजवली, आणि म्हणाली, "मके, केरेकेरे. मीठ दे."

रोख देणारं माझं एकुलतं गिऱ्हाईक गेलं. मी पिशवी भरून मीठ दिलं.