उगवतीकडं पाय

उमरग्याच्या ख्रिस्ती कब्रस्तानात कबर खणणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. खणण्याआधी तो उगवतीकडं हात लांबवून दिशा धरायचा. मेलेल्याचे पाय तिकडं हवेत. प्रभू तिकडून येणार, उठल्याबरोबर समोर दिसायला हवा.

प्रभूचं हजार वर्षांचं राज्य याच पृथ्वीवर येणार, असं वडील म्हणत. काका म्हणत, तो नुसता दृष्टांत. या वादात दर नाताळाला पुलाव गार व्हायचा. शेवटी दोघांचं बोलणंच तुटलं.

वडिलांना काकांशेजारी पुरलं, तेव्हा मी त्या खणणाऱ्याला दोघांचा वाद सांगून विचारलं, "तुम्हाला कुणाचं खरं वाटतं?"

तंबाखू मळत तो म्हणाला, "ते म्या काय सांगू? पर दोघंबी आता एकाच वाटंकडं बघत्यात."

हल्ली नाताळाला कुणी वाद घालत नाही. पुलाव गरमच संपतो.