कडक इस्त्रीची मामी

माझी मामी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर आहे. दिवसभर उभ्याने लोकांच्या सदऱ्यांच्या कॉलरी सरळ करते आणि घरी आली की आमच्या. तिच्या हातातून सुटलेलं एकच चुरगळलेलं कापड घरात आहे, ते म्हणजे "माझा मुलगा", असं आजी म्हणते. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

मामीला सातवा महिना लागला आणि पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. पहिलं बाळ असंच सूज चढून पोटातच गेलं होतं. या खेपेला तिने कुणाचा सल्ला घेतला नाही. "मी सरकारी दवाखान्यात जातेय," एवढंच म्हणाली. तिथे बाळंतपणाचं सगळं मोफत, दारावर तशी पाटीच होती. आजी आणि मी तिच्या मागे निघालो.

चिठ्ठीच्या खिडकीतल्या बाईंचं बोलणं म्हणजे गळका नळ, शब्द थेंबाथेंबाने; रांगेतल्या बायका त्यांना नळबाईच म्हणत. त्यांनी मामीला वरून खाली न्याहाळलं. पांढराशुभ्र कुर्ता, बाहीला सुरीसारखी घडी.

"तुम्ही... पलीकडे जा. पैसे भरायच्या खिडकीत. इथे... गरिबांचं असतं."

"पाटीवर सगळ्या गरोदर बायका असं लिहिलंय."

"लिहिणारा काय... लिहून गेला."

आजीने मामीला भिंतीशी ओढलं. "अगं, बाही चोळामोळा कर. तोंड पाड जरा. रडू येत नसेल तर चिमटा काढू का?"

"आई, भीक मागायला आलेय का मी? ती पाटी माझ्यासाठीच लावलीय."

मामी परत खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, "वाद... घालू नका."

"वाद कुठे घालतेय? उभी आहे. उभं राहायचाच पगार घेते मी."

मागे रांग वाढली. एक भलंमोठं पोट घेऊन आलेली बाई ओरडली, "अहो नळबाई, द्या तिला चिठ्ठी. नाहीतर आम्ही सगळ्या इथेच मोकळ्या होतो."

रांग खदखदून हसली. खिडकीतून चिठ्ठी टपकली.

आत नर्सने मामीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, काटा बघितला आणि पट्टा पुन्हा एकदा फुगवून पाहिला. मग म्हणाली, "ब्लड प्रेशर फार चढलंय. आजच भरती व्हायचं. घरी जायचं नाही."

"आज?" आजी चाचरली. "घरचं सगळं तसंच पडलंय. उद्या सकाळी आणते की हिला."

मामी तोवर खाटेवर चढूनही बसली होती. "आई, तुम्ही जा. ह्यांना सांगा, तुम्ही दोघं मिळून शिजवा आणि करपलं तरी गोड मानून खा. मी बाळ घेऊनच येईन."

दोन महिने उलटल्यावर ती आली, ती मुलगी घेऊनच. मूठभर पोर, पण आवाज असा की मामा पहिल्याच रात्री उशी घेऊन ओट्यावर झोपायला गेला.