प्रत्येक दारात तीच बाई

"कॅप्शन ठीक आहे, पण ही बाई कोणी टाकली?" नरेश सेठनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

मी म्हटलं, कुठली बाई? आमच्या गेममधलं ते गाव ओसाड होतं. ओसाड गाव हाच गेमचा विषय. आमचा आर्टिस्ट प्रीतम याने त्यात मांजरसुद्धा ठेवलं नव्हतं. पण सेठचं बोट हलेना. नीट पाहिलं तर पहिल्या घराच्या दारात, आतल्या काळोखात, कुणीतरी भिंतीला टेकून बसलं होतं. डोक्यावर पदर, मान एका बाजूला कललेली. मग सेठचं बोट शेजारच्या घरावर गेलं. तिथेही तीच. त्याच्या पलीकडच्या दारातही तीच. माझा चहा हातातच निवला.

आधी काम काय होतं ते सांगते. लोक कंप्युटरवर एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे छोटे निरोप, पाठवायचे, तो काळ. उल्हासनगरात खाली सेठचा जीन्सचा कारखाना आणि वर आमचं गेमचं ऑफिस. गेमचं खूळ सेठच्या मुलाचं. मुलगा शिकायला परदेशी गेला आणि खूळ सेठच्या गळ्यात पडलं. माझ्याकडे स्क्रीनशॉटचं काम होतं. स्क्रीनशॉट म्हणजे चालू गेमचा पडद्यावरचा फोटो. चांगला निवडायचा, खाली दोन ओळी लिहायच्या आणि आमच्या गेमच्या नेटवरच्या कम्युनिटीत टाकायचा. या दोन ओळींनाच कॅप्शन म्हणतात. वाचायला सोपं, लिहायला महाकठीण. 'हे गाव आहे' असं लिहिलं तर लोक 'बरं' म्हणून पुढे जातात. म्हणून प्रश्न विचारायचा. प्रश्न दिसला की आपल्याकडच्या माणसाला गप्प बसवत नाही. मी लिहिलं होतं: 'गाव सोडून सगळे गेले. खरंच सगळे?'

आणखी एक सवय होती. सायबर कॅफेतले मॉनिटर जुने, त्यांवर अंधारातलं काही दिसायचं नाही. म्हणून टाकण्याआधी मी स्क्रीनशॉटचा ब्राइटनेस वाढवायचे. तो वाढवला आणि बाई दिसली. आमच्या आधी लोकांनाच दिसली. खाली उत्तरं आली होती की सगळे नाही गेले, दारातली ती बसलीय.

प्रीतमला बोलावलं. बघताच त्याचा चेहरा उतरला. त्याने सांगितलं की घरांचं टेक्श्चर त्याने खऱ्या फोटोवरून केलं होतं. टेक्श्चर म्हणजे गेममधल्या भिंतींवर चिकटवायचं चित्र. अंबरनाथ पूर्वेला पालेगावात बिल्डरने काही घरं घेतली होती. माणसं दारं-खिडक्या काढून घेऊन निघून गेली होती. त्यातल्या एका रिकाम्या घराचा फोटो प्रीतमने काढला आणि मेहनत वाचावी म्हणून तोच सगळ्या घरांना चिकटवला. म्हणजे प्रत्येक दारात तीच बाई का, ते कळलं. मला हायसं वाटलं, पण पुरतं नाही. कारण प्रीतम म्हणाला, "मॅडम, आई शप्पथ, मी बराच वेळ त्या दारासमोर उभा होतो. आत कुणी नव्हतं."

सेठना ही भुताटकी फार आवडली. म्हणाले, "डर बिकता है, वर्षा. बाई राहू दे. लिख, इसको कोई पहचानता है क्या?"

मी तसंच लिहिलं. उत्तरांचा पूर आला. कुणाला ती आपली सासू वाटली, कुणाला गणिताच्या बाई. टवाळांना ऊतच आला होता. त्या गर्दीत एक उत्तर होतं: 'ओळखतो. माझी आई आहे. फोटो कधी काढला ते कृपा करून सांगा.'

सेठ म्हणाले, फेक आहे, सोड. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण टवाळ माणूस 'कृपा करून' लिहीत नाही. मी त्याला ऑफिसचा नंबर पाठवला आणि त्याचा लगेच फोन आला.

त्याचं नाव मिलिंद. अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आवाज शांत होता, ओढून ताणून शांत ठेवलेला. म्हणाला, घर आमचंच. दाराबाहेरच्या पायरीत डाव्या बाजूला फुटकी लादी आहे, वडिलांनी बसवलेली. मी चित्र मोठं करून पाहिलं. लादी होती, पण उजव्या बाजूला. मी तसं सांगितलं. शेजारून प्रीतम हळूच बोलला, "मॅडम, मी फोटो उलटा केलाय. आरशात दिसतो तसा." मग प्रीतमनेच फोनवर सांगितलं की फोटो मागच्या आठवड्यातला आहे.

मग मिलिंद म्हणाला, "आई हरवून महिना होत आला. विसरायला होतं तिला. नव्या फ्लॅटमधून खाली उतरली ती उतरलीच. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली. जुनं घर तर पहिल्याच दिवशी बघितलं, तिथं कुणी नव्हतं. वॉचमनपण तेच बोलला. आणि आता तिथं पाडायचं काम चालू आहे."

फोन स्पीकरवर होता. डर विकणाऱ्या सेठनी ड्रॉवरमधून गाडीची चावी काढली. म्हणाले, "चलो. मैं चलाता हूँ."

पालेगावात मिलिंद आमच्या आधी पोचला होता. दुपारची वेळ, लख्ख ऊन. घरांची ओळ पडून विटांचे ढीग झाले होते. जेसीबी एका बाजूला उभा. एवढ्या पसाऱ्यात एकच घर धड होतं. त्याच्याकडे निघालो तर वॉचमनची बायको आडवी आली. कोकणातली, रोह्याकडची.

"तिकडं नका जाऊ," ती म्हणाली. "तिथं जागेवाली बसते."

जागेवाली म्हणजे त्या जागेची राखण करणारी, माणसातली नव्हे. तिने ती दारात पाहिली होती. जेसीबीवाल्यानेही पाहिली होती आणि म्हणून ते घर सोडून बाकीची पाडली होती. उद्या भटजी शांती करणार आणि मग हेही पाडणार. वॉचमन मिलिंदशी खोटं बोलला नव्हता. इथे माणूस कुणी येत नाही, असंच त्याला वाटत होतं.

"मी रोज उंबऱ्यावर पान ठेवते," ती सांगत होती. "भात, वरण, अळणी. त्यांना मीठ चालत नाही ना. दिवस मावळायच्या आत पान साफ होतं."

"कुत्रं खात असेल," प्रीतम म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "कुत्रं पान दुमडून ठेवतं का?"

मिलिंद मात्र पुढचं ऐकायला थांबलाच नाही. तो धावतच गेला आणि पायरीशी जाऊन अडला. आम्ही मागे पोचलो. आत काळोख होता. डोळे सरावले तशी ती दिसायला लागली. भिंतीला टेकलेली, डोक्यावर पदर, मान त्याच बाजूला. नाही, उलट्या बाजूला. आमच्या गेमच्या गावात प्रत्येक दारात बसलेली ती बाई. ती हलत नव्हती. मला खरंच वाटलं की आपल्याला उशीर झाला.

"आई," मिलिंदने हाक मारली. मग पुन्हा एकदा.

मान हळूहळू वळली.

"मिलिंद, मीठ आण रे जरा," ती म्हणाली. "ही बाई गुणाची आहे, पण मिठाला हात लावत नाही."

वॉचमनची बायको मटकन खाली बसली आणि रडायला लागली. जिवंत माणसाला अळणी घातलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मिलिंदने तिचे पाय धरले. तिच्या त्याच पानावर त्याची आई जगली होती. सेठ विटांच्या ढिगाकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

आजीबाई थोडे दिवस दवाखान्यात राहून बऱ्या झाल्या. फ्लॅटमधून निघाल्या त्या दिवसापासून जुन्या घरी पोचेपर्यंत त्या कुठे होत्या, ते आजही कुणाला माहीत नाही. सेठनी सगळ्यात जास्त चाललेला तो स्क्रीनशॉट काढायला लावला आणि प्रीतमने सगळी दारं बंद असलेलं नवं गाव केलं. गेम फारसा विकला गेला नाही.

मी एकदा आजीबाईंना भेटायला गेले. ओळख अर्थातच नव्हती. मिलिंद म्हणाला, तुझा फोटो टाकणाऱ्या त्या मॅडम ह्याच. त्यांनी मला निरखून पाहिलं. "लोक यायचे, बघायचे आणि निघून जायचे. कुणी बोलायचंच नाही," त्या म्हणाल्या. "फोटो तरी बरा आला का?"

मी म्हटलं, आला, अंधार जरा जास्त होता.

कॅप्शन मी अजूनही लिहिते आणि शेवटी प्रश्नही विचारते. फक्त खाली आलेली उत्तरं आता सगळी वाचते, टवाळांचीसुद्धा.